‘कोणाला विचारू नका’ म्हणणाऱ्यांना

घरी लॅपटॉपवर संगीत करणाऱ्या मुलांना हल्ली एक सल्ला फार ठसक्यात दिला जातो: आपला मिक्स कोणाला ऐकवत बसू नका. दहा जणांना विचाराल तर दहा तऱ्हेची मतं पडतील आणि तुमचं स्वतःचं जे काही होतं तेही हातचं जाईल. कान तयार करा, काम पुरं करा, मग जगापुढे ठेवा. अलीकडे एका व्याख्यानात एका ज्येष्ठ ध्वनितज्ज्ञांनी हेच सांगितलं. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने घरी ड्रम अँड बेसचा एक ट्रॅक केला होता, आणि मिक्सवर अभिप्राय कोणाकडून घ्यावा एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. त्याला उत्तर मिळालं की अभिप्राय मागत फिरणं हे कच्च्या कलाकाराचं लक्षण आहे. सभागृहात टाळ्या पडल्या आणि मुलगा खाली बसला.

तज्ज्ञांचं नाव घेण्याचं कारण नाही. हे मत त्यांच्या एकट्याचं नव्हे. साउंड इंजिनिअरिंगच्या वर्गांपासून चहाच्या टपरीपर्यंत ते सगळीकडे फिरतं. चित्रपटगीतांतलं त्यांचं काम मोठं आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण हा सल्ला चुकीचा आहे, आणि ड्रम अँड बेसच्या बाबतीत तर पार उफराटा आहे.

आधी त्यांची बाजू नीट मांडतो, नाहीतर खंडन फुकाचं. त्यांच्या मते मिक्सिंग म्हणजे शेवटचा हात. चाल झाली, वाद्यमेळ झाला, आता आवाजांची मांडणी तेवढी उरली; ती ज्याच्या त्याच्या रुचीची बाब. ज्याला स्वतःची रुची नाही तोच शेजाऱ्याला विचारतो. शिवाय विचारायचं तरी कोणाला? आपल्याकडे ड्रम अँड बेस ऐकणारे असे किती? फोनच्या स्पीकरवर ऐकून मत देणाऱ्याच्या मताला किंमत ती काय? आणि आता मोजमापाची साधनं इतकी झाली आहेत की एखादा गाजलेला ट्रॅक शेजारी ठेवा, आलेखाशी आलेख जुळवा, विषय संपला. गरज वाटलीच तर एक गुरू करा. शेवटी त्यांनी चरणजित सिंग यांचा दाखला दिला. 1982 साली या माणसाने मुंबईत रागांना डिस्कोचा ठेका लावून सिंथेसायझरवर अख्खी रेकॉर्ड केली. कोणाला विचारलं होतं? तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही, आज जगभरचे लोक तिच्यात अ‍ॅसिड हाउसची चाहूल शोधतात.

ऐकायला हे बिनतोड वाटतं. आता एकेक धागा ओढून पाहू.

मिक्स म्हणजे शेवटचा हात, हे चित्रपटगीताच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं आहे. तिथे चाल आणि शब्द आधीच उभे असतात. मिक्स बिघडला तरी गाणं रिक्षात वाजतं, लग्नात वाजतं, लोकांच्या ओठांवर राहतं. ड्रम अँड बेसमधून मिक्स काढून घ्या आणि काय उरतं ते बघा: ड्रमचा एक छोटा तुकडा आणि त्याच्याखाली खर्जातला एक लांब सूर. गुणगुणायला फारसं काहीच नाही.

1969 मध्ये ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन बँडच्या एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ हे गाणं होतं. त्यात मध्येच सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमर एकटा चार बार वाजवतो, जेमतेम सहा-सात सेकंद. वीसेक वर्षांनी लंडनच्या पोरांनी हा तुकडा अकाईच्या सॅम्पलरमध्ये भरला, त्याचा वेग वाढवला, त्याची चिरफाड केली, ठोके उलटसुलट लावले; त्यातून जंगल आणि पुढे ड्रम अँड बेस उभं राहिलं. (कोलमनच्या हाती यातली दमडी लागली नाही, 2006 मध्ये तो बेघर अवस्थेत वारला. आजच्या वादात हे अवांतर आहे, पण हा तुकडा वापरणाऱ्याला ते ठाऊक असावं.) याच सहा-सात सेकंदांवर हजारो ट्रॅक झाले. मग एक दुसऱ्याहून वेगळा कशाने? स्नेअर किती दाबून घेतला, त्याची शेपटी कुठे छाटली, खालच्या बेसला श्वास घ्यायला जागा कुठे ठेवली, वरची झांज किती खरखरीत राहू दिली, यानेच. आपण ज्याला मिक्सिंग म्हणतो ती इथे रचना आहे. तिच्यावर मत मागणं म्हणजे आपल्या चालीवर मत मागणं, आणि चाल बांधताना दुसऱ्याला ऐकवू नये असं आजवर कुठल्या संगीतकाराने म्हटलं?

आता ही रचना होते कुठे ते पाहा. आपल्याकडच्या घरात मुलाच्या वाट्याला खोली आलीच तर ती दहा बाय बाराची. बारा फूट म्हणजे सुमारे 3.66 मीटर. समोरासमोरच्या भिंती एवढ्या अंतरावर असल्या की 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर त्यांच्यामध्ये अडकतो: भिंतीपाशी प्रचंड घुमतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ गायब होतो. ड्रम अँड बेसचा सब-बेस राहतो तो नेमका याच वस्तीत, साधारण 40 ते 60 हर्ट्झ. मुलगा खुर्ची टाकून खोलीच्या मध्यावर बसतो. त्याला तो सूर ऐकू येत नाही, म्हणून तो वाढवतो. अजून येत नाही, अजून वाढवतो. भिंतीवर फोमचे चौकोन चिकटवा असं कोणीतरी सुचवतं. पण या लहरीची लांबी सात मीटरच्या वर आहे. दोन इंची फोम तिला काय अडवणार? फोमने वरचे आवाज तेवढे मरतात आणि खोली आणखी फसवी होते.

त्यात वेळ रात्रीची. दिवसा घरात माणसं, टीव्ही, मिक्सर. काम सुरू होतं सगळे झोपल्यावर आणि आवाज ठेवावा लागतो अगदी हळू. हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर मधल्या सुरांच्या मानाने फार कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे 1933 मध्येच मोजून दाखवलं. म्हणजे पुन्हा बेस वाढला. हेडफोन लावले तर भिंतींचा प्रश्न सुटतो, पण अंगावर येणारा बेस कानात येणाऱ्या बेसने ओळखायचा ही वेगळीच कसरत. शिवाय तोच तुकडा तासन्‌तास फिरवून कान निबर होतात. झांजा मंद वाटायला लागतात आणि पहाटेपर्यंत त्या इतक्या वर जातात की सकाळी घरातलं कोणीतरी कानावर हात ठेवतं. त्यात सर्वांत वाईट म्हणजे, स्वतःच्या ट्रॅकमध्ये काय ठेवलंय हे आपल्याला माहीत असतं, आणि जे माहीत असतं ते नसलं तरी ऐकू येतं.

हे संगीत ज्या खोलीत बनतं त्या खोलीत ते ऐकूच येत नाही. कान तयार करा या सल्ल्यापाशी मी इथे अडतो. कान कितीही तयार असला तरी जो सूर त्याच्यापर्यंत पोचलाच नाही तो तो ऐकणार कसा? व्याख्यात्यांचा स्वतःचा स्टुडिओ लाखो रुपये घालून बांधलेला आहे. तिथे बसून आपल्या कानावर विश्वास ठेवणं परवडतं.

आणि त्या स्टुडिओत तरी ते एकटे कधी बसले होते? चित्रपटगीताचं मिक्सिंग कसं होतं हे ज्याने पाहिलं आहे त्याला ठाऊक आहे. मागच्या सोफ्यावर संगीतकार, त्याच्या शेजारी दिग्दर्शक, निर्मात्याचा माणूस, कधी गायक स्वतः. आवाज थोडा वर घ्या, ढोलक बोचतेय, अंतऱ्यात व्हायोलिन कुठे गेली. दर दोन मिनिटांनी अभिप्राय, न मागता. ज्यांची उभी हयात सोफ्यावरच्या माणसांचं ऐकण्यात गेली, त्यांनी दहा बाय बाराच्या खोलीतल्या पोराला एकांताचा महिमा सांगावा? त्या पोराकडे सोफा नाही, म्हणून तो बाहेर विचारतो. एवढाच फरक आहे.

गुरूचंही तेच. शास्त्रीय संगीताच्या तालमीत शिष्य राग पुरा करून मग गुरूपुढे ठेवतो असं कुठे असतं? समोर बसून गातो, आणि एखादा सूर जरा चढा लागला की तिथल्या तिथे हाताने थांबवलं जातं. पुढे मैफिलीत पहिल्या रांगेतला जाणकार मान हलवतो किंवा हलवत नाही, आणि गाणारा त्यावरून पुढची जागा घेतो. या परंपरेचा आधार घेऊन अर्धवट काम दाखवू नका असं सांगणं म्हणजे परंपरेलाच उलटं टांगणं आहे.

ड्रम अँड बेसची स्वतःची परंपरा तर याहून स्पष्ट आहे, आणि ती लंडनहून जुनी आहे. जमैकात साउंड सिस्टिमवाले मऊ लॅकरची तबकडी कापून घेत, ती नाचाच्या रात्री वाजवून बघत, लोकांचा प्रतिसाद आजमावत. मग रेकॉर्ड छापायची की नाही ते ठरे. किंग टबी हा मुळात रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस; अशाच तबकड्या कापता कापता तो डबचा आद्य कारागीर झाला. ही पद्धत कॅरिबियन कुटुंबांबरोबर इंग्लंडात गेली. 90 च्या दशकात उत्तर लंडनच्या ‘म्युझिक हाउस’मध्ये ड्रम अँड बेसवाले डॅट कॅसेट घेऊन रांगेत बसत. तबकडी कापताना ट्रॅक मोठ्याने वाजे, आणि रांगेतले बाकीचे, म्हणजे नेमके तुमचे प्रतिस्पर्धी, तो ऐकत. त्याच रात्री ती तबकडी क्लबात वाजे. नाचणाऱ्यांच्या पायातला जोर गेला, किंवा आधीच्या ट्रॅकपुढे आपली किक कागदी वाटली, की निर्माता घरी जाऊन मिक्स उघडे आणि पुन्हा पैसे मोजून नवी तबकडी कापे. या तबकड्या काही डझन वेळा वाजल्या की झिजत. एवढा खर्च करून लोक अभिप्रायच विकत घेत होते, दुसरं काय?

त्या काळातला सर्वांत स्वतंत्र बुद्धीचा कलाकार म्हणून गोल्डीचं नाव घेतलं जातं. त्याच्या 1995 च्या ‘टाइमलेस’चं शीर्षकगीत एकवीस मिनिटांचं आहे. पण गोल्डी यंत्रावर एकटा बसत नसे. शेजारी रॉब प्लेफर्डसारखा मुरलेला माणूस असे. गोल्डीने डोक्यातला आवाज सांगायचा, त्याने तो काढून दाखवायचा, मग हे नको ते हवं, असं चाले. इतका स्वतंत्र माणूस, आणि काम सगळं दुसऱ्याच्या कानाशी बोलत झालेलं.

राहता राहिले चरणजित सिंग. त्यांनी कोणाला विचारलं नाही असं आपण किती सहज म्हणतो! ते हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षं वाजवलेले कलाकार होते. शेकडो गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात कान आधीच घासून निघालेला. आणि त्या रेकॉर्डचं मोठेपण कल्पनेत आहे, राग आणि यंत्र यांची ती जोडी जुळवण्यात आहे. कल्पना कोणाला विचारून सुचत नाही हे मलाही मान्य आहे. पण 47 हर्ट्झला किती डेसिबल द्यायचे हा कल्पनेचा प्रश्न नव्हे.

आता, आपल्याकडे ऐकणारे कुठे आहेत, या आक्षेपाकडे येतो. व्याख्यानानंतर मी त्या मुलाला गाठलं, त्याचा ट्रॅक ऐकला, आणि पुढे एका दुपारी त्याला कळव्यापलीकडच्या एका गोडाऊनमध्ये घेऊन गेलो. मालक गणपतीत, हळदीत, जयंत्यांना सेटअप भाड्याने देतात. ड्रम अँड बेस हे शब्द त्यांनी तोवर ऐकले नव्हते. पेनड्राइव्ह लावला, अठरा इंची स्पीकरांचे दोन बेसचे डबे आणि वर एक टॉप एवढंच जोडलं. पहिली काही सेकंदं त्यांनी ‘एवढं पळतंय कुठं हे?’ म्हणून हसून घेतलं. मग ड्रॉप आला, म्हणजे गाणं खाली कोसळलं, बेस आला, आणि त्यांचं हसू थांबलं. ते डब्याजवळ गेले, लाकडावर तळवा ठेवला आणि वळून म्हणाले, “भाऊ, खालचा आवाज सुटतच नाहीये. डब्याला दम घ्यायला वेळ नाही. तुमचा ठोका कुठाय?” मग त्यांनी अँपकडे बोट दाखवलं. तिथला लाल दिवा ठोक्यागणिक लुकलुकायला हवा होता. तो बेस सुरू झाल्यापासून पेटूनच राहिला होता.

मुलाच्या चेहऱ्यावर मला एकदम उजेड पडलेला दिसला. मिनिटाला 174 ठोक्यांच्या गतीत एक ठोका 345 मिलिसेकंदांचा असतो आणि त्याचा चौथा हिस्सा 86 मिलिसेकंदांचा. किक वाजली की बेसने तेवढा वेळ तरी मान खाली घालायची असते. त्याचा बेस मान खाली घालतच नव्हता, कारण घरी खुर्चीत बसून त्याला तो पुरता ऐकूच येत नव्हता आणि त्याने तो बेसुमार वाढवून ठेवला होता. साउंडवाल्यांना या आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. पण अ‍ॅम्प्लिफायर जळाला तर भुर्दंड कोणाला पडतो हे त्यांना माहीत आहे, आणि त्या भीतीने तयार झालेला कान सब-बेसच्या बाबतीत भल्याभल्या समीक्षकांहून तल्लख असतो.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: एक विशिष्ट सूर आला की सगळं थरथरतं, तो काढून टाका. ती मात्र चूक होती. थरथरत होता तो गोडाऊनचा पत्रा. मुलाने तो सूर ठेवला आणि बरोबर केलं. अभिप्राय घेणं म्हणजे समोरच्याचा हुकूम मानणं, असं धरूनच त्या सल्ल्यातला सगळा युक्तिवाद उभा आहे. प्रत्यक्षात ऐकणाऱ्याला दुखतंय कुठे ते बहुधा बरोबर कळतं आणि औषध बहुधा चुकीचं सुचतं. दुखण्याची जागा त्याच्याकडून घ्यायची, औषध आपलं आपण शोधायचं. दहा जणांनी दहा उपाय सांगितले तर गोंधळ होतो खरा. पण दहा जणांपैकी सात जण एकाच सेकंदाला कपाळाला आठी घालत असतील तर त्यात कसला आलाय गोंधळ?

ड्रम अँड बेसमध्ये तबला घालणाऱ्यांनाही हेच लागू. लंडनच्या हॉक्सटन स्क्वेअरमधल्या ‘ब्लू नोट’ क्लबात रविवारी गोल्डीच्या मेटलहेड्झची रात्र असे आणि सोमवारी तल्विन सिंग यांची ‘अनोखा’. तबला आणि ब्रेकबीट एकाच छताखाली नांदत. तल्विन यांच्या ‘ओके’ला 1999 चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला, त्याच्या दोन वर्षं आधी तो ब्रिस्टलच्या रोनी साइझ आणि रेप्रझेंटच्या ‘न्यू फॉर्म्स’ला मिळाला होता. आपल्याकडची मुलं आता डग्गा, ढोलकी, संबळ घालून पाहतात आणि लगेच अडकतात, कारण डग्ग्याचा घुमारा नेमका किक आणि सब-बेस यांच्या अंगणात येऊन पडतो. मग खालून छाटणी होते. ड्रम अँड बेसच्या जाणकाराला ती छाटणी स्वच्छ आणि छान वाटेल. एखाद्या तबलजीला ऐकवा. त्याने जंगल हा शब्द संगीताच्या संदर्भात ऐकलेलाही नसेल, पण तो सांगेल की डग्गा वाजतोय, पण घिस्सा (तळवा घासून काढलेला घुमारा) मेलाय. त्या एका वाक्यासाठी त्याच्याकडे जायचं.

फोनवर ऐकणाऱ्यालाही मी मोडीत काढणार नाही. फोनचा इवलासा स्पीकर 47 हर्ट्झ काढूच शकत नाही, हे खरं. पण त्या सुराच्या वरच्या पटीतले स्वर जर ट्रॅकमध्ये असतील तर माणसाचा मेंदू खालचा सूर स्वतःच भरून घेतो. फोनवर ऐकणारा म्हणाला की याच्यात बेसच नाही, तर त्याचा अर्थ तुमचा सब-बेस अगदी गुळगुळीत आहे, त्याला थोडी खर हवी. तोच ब्लूटूथच्या एका डब्यावर ऐकून म्हणाला की मध्येच आवाज आत गेला, तर तुमचा रीस बेस तपासा. 1988 मध्ये डेट्रॉइटच्या केव्हिन सॉन्डरसन यांनी रीस या नावाने काढलेल्या रेकॉर्डवरून आलेला हा आवाज म्हणजे जरा जरा बेसूर ठेवलेल्या दोन लहरींची झुंज. ती डाव्या-उजव्या बाजूंना फार पसरून ठेवली की मोनोमध्ये एकत्र येताना लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. अनेक क्लबांतही खालचा बेस मोनोतच वाजतो. म्हणजे ज्याच्या मताला किंमत नाही असं सांगितलं गेलं, त्याने तुमची क्लबातली फजिती घरबसल्या वाचवली.

आणि आलेख जुळवणं? मीही जुळवतो. पण तो आलेख बहुतेकदा काही सेकंदांची किंवा अख्ख्या गाण्याची सरासरी असतो. 50 हर्ट्झला एकूण किती ताकद आहे ते तो सांगतो. ती ताकद किक आणि बेस यांनी आळीपाळीने वाटून घेतली की एकमेकांच्या उरावर बसून, हे सांगत नाही. अँपच्या लाल दिव्याने जे दाखवलं ते सरासरीच्या आलेखात दिसलं नसतं. शिवाय शेजारी ठेवलेला गाजलेला ट्रॅक मास्टर झालेला असतो, बऱ्याचदा उणे 6 लफ्सच्या (आवाजाच्या मोठेपणाच्या मापाच्या) आसपास, इतका कर्कश मोठा. मोठा आवाज कानाला बहुधा चांगला वाटतो. दोन्हींची पातळी सारखी न करता तुलना केली की मुलगा घाबरतो, लिमिटर आवळतो आणि स्नेअरचा जीव काढतो. पुढे स्पॉटिफाय तो ट्रॅक सहसा उणे 14 वर आणून ठेवतं, तेव्हा मोठेपणा जातो आणि चिरडलेला स्नेअर तेवढा उरतो.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करतो. बरीच मुलं अभिप्राय मागतात ते अभिप्रायासाठी नसतंच. त्यांना शाबासकी हवी असते. ‘कसा वाटला?’ असं विचारलं की ‘भारी!’ हेच उत्तर येणार, किंवा मग ‘अजून पंच पाहिजे’ असं, ज्याचा अर्थ सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतो. रोज संध्याकाळी नवी आवृत्ती पाठवून मित्रांना छळणारेही आहेत. ज्येष्ठांना याचा वैताग येत असेल तर तो रास्त आहे. पण वैतागून त्यांनी विचारण्यालाच दोष दिला, आणि विचारावं कसं हे शिकवायची संधी घालवली. पहिला ड्रॉप आल्यावर किक हरवते का? बेस कुठल्या सुरावर फुगतो? झांजा कितव्या मिनिटाला नकोशा होतात? असं विचारा. ऐकणारा कशावर ऐकतोय ते आधी विचारा. आधीची आणि आताची आवृत्ती सारख्याच आवाजात ऐकवा, आणि नवी कुठली ते सांगू नका. स्वतः दोन दिवस ट्रॅकला हात लावू नका, मग ऐकणाऱ्याच्या सोबत बसून ऐका. तो तोंडाने काय म्हणतो यापेक्षा तो फोनकडे कधी बघायला लागतो तिकडे लक्ष ठेवा. आणि मास्टर करून, मुखपृष्ठ बनवून, प्रकाशनाची तारीख ठरवून मग विचारत बसू नका. तेव्हा तुम्हाला खरं उत्तर नको असतं, आणि समोरचाही ते देत नाही.

ज्या ज्येष्ठांनी आजवर एकट्याने काम करा असं सांगितलं, त्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या स्टुडिओतल्या भिंती खरं बोलतात, तुमचे स्पीकर 40 हर्ट्झपर्यंत प्रामाणिक आहेत, आणि ते रोज रात्री रिकाम्या खोलीत बंद असतात. महिन्यातून एक संध्याकाळ दार उघडं ठेवा. मुलांनी पेनड्राइव्ह घेऊन यावं, प्रत्येकाने एक ट्रॅक लावावा, आणि बाकीच्यांनी गप्प बसून ऐकावं. तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल. त्या मागच्या सोफ्यावर तेवढं बसू द्या.